जिथं तार दम घ्यायची: अ‍ॅलिस स्प्रिंग्जचं जुनं तारघर सावकाश कसं पाहावं

'तार आली' एवढे दोन शब्द दारातून ऐकू आले की कागद उघडण्याआधीच घरात रडारड सुरू व्हायची, हे आपल्याकडच्या जुन्या माणसांना सांगावं लागत नाही. भारतात १४ जुलै २०१३ च्या रात्री शेवटच्या तारा गेल्या आणि तो धसकाही संपला. पण तार म्हणजे नेमकं काय होतं, एक शब्द हजारो किलोमीटर कसा जायचा, मध्ये कोण बसलेलं असायचं, हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर माझ्या मते ऑस्ट्रेलियाच्या ऐन मधोमध असलेल्या अ‍ॅलिस स्प्रिंग्जच्या तारघरासारखी जागा नाही.

आपली बहुतेक मंडळी अ‍ॅलिसला उतरतात ती उलुरूच्या लाल डोंगरासाठी. एक रात्र मुक्काम, सकाळी गाडी, की निघाले. तारघर राहून जातं, नाहीतर अर्ध्या तासात उरकलं जातं. या जागेला पुरा एक दिवस द्या. तो कसा घालवायचा, तेच इथं क्रमानं सांगतो.

जाण्याआधी एक संध्याकाळ: ही तार कशी होती

ही तयारी न करता गेलात तर तिथं फक्त चार-सहा दगडी खोल्या दिसतील. म्हणून सामान भरण्याआधी एवढं समजून घ्या.

१८७० पर्यंत ऑस्ट्रेलियातून लंडनला निरोप पाठवायचा म्हणजे बोटीनं पत्र, आणि त्याला दोन-तीन महिने लागायचे. जावा बेटातल्या बान्युवांगीहून ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यावर, आजच्या डार्विनला, समुद्राखालून केबल टाकायचं ठरलं, तेव्हा दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या सरकारनं खंडाच्या आरपार तार ओढायचं काम अंगावर घेतलं. दक्षिणेला पोर्ट ऑगस्टा, उत्तरेला डार्विन, मध्ये सुमारे ३,२०० किलोमीटर. हा मुलूख युरोपियांपैकी जॉन मॅकडूअल स्टुअर्ट आणि त्याच्या सोबत्यांनी १८६१-६२ मध्ये कसाबसा ओलांडला होता, नकाशावर बाकी कोरं. पोस्ट आणि तार खात्याचे प्रमुख चार्ल्स टॉड यांनी कामाचे तीन तुकडे केले आणि सुमारे ३६,००० खांब रोवून घेतले. २२ ऑगस्ट १८७२ रोजी फ्र्यू पाँड्स नावाच्या ठिकाणी तारेची दोन टोकं जुळली. पण त्याआधीच जूनमध्ये समुद्रातली केबल तुटलेली होती. ती दुरुस्त होऊन लंडनशी बोलणं सुरू व्हायला ऑक्टोबर उजाडला.

आता मुख्य गोष्ट. तारेतला प्रवाह अंतर वाढेल तसा क्षीण होत जातो. अडीचशे-तीनशे किलोमीटरनंतर पलीकडच्या माणसाला यंत्राची कट-कडकट नीट ऐकू येत नाही. म्हणून वाटेत ११ पुनःप्रेषण ठाणी बांधली: शार्लट वॉटर्स, अ‍ॅलिस स्प्रिंग्ज, बॅरो क्रीक, टेनंट क्रीक, पॉवेल क्रीक, डेली वॉटर्स वगैरे. प्रत्येक ठाण्यात तारमास्तर आलेला निरोप कानांनी ऐकायचा, कागदावर उतरवायचा आणि पुन्हा आपल्या बोटांनी पुढच्या ठाण्याला ठोकायचा. दिवसा आणि रात्रीही. ॲडलेडच्या व्यापाऱ्याचा लोकरीचा भाव वाळवंटात एवढ्या माणसांच्या हातांतून गेल्यावर समुद्रापर्यंत पोचायचा.

आणि पुढे कुठून जायचा? बान्युवांगी, बटाव्हिया (आजचं जकार्ता), सिंगापूर, पेनांग, मद्रास, तिथून जमिनीवरच्या तारेनं मुंबई. मुंबईहून १८७० मध्ये टाकलेल्या केबलनं एडन, मग सुएझ, माल्टा, जिब्राल्टर आणि इंग्लंडचा किनारा. ती मुंबई-एडन केबल 'ग्रेट ईस्टर्न' या अवाढव्य जहाजानं टाकली होती. वाळवंटातल्या त्या मेजासमोर उभं राहाल तेव्हा हे आठवा: इथं ठोकलेला शब्द थोड्या वेळानं मुंबईतला कुणीतरी तारबाबू ऐकत असायचा. मला स्वतःला हा धागा कळला आणि मग ती जागा परकी राहिली नाही.

मुलं बरोबर असतील तर घरीच एक खेळ खेळा. तिघं तीन खोल्यांत बसा. पहिल्यानं टेबलावर टिचक्या मारून एक शब्द मोर्समध्ये, म्हणजे तारेच्या टिंब-रेघांच्या लिपीत, पाठवायचा, मधल्यानं तो लिहून घेऊन तिसऱ्याला ठोकायचा. मधला चुकला की शब्द बदलतो. पुनःप्रेषण ठाणं म्हणजे काय, ते मुलांना दहा मिनिटांत कळतं आणि तिथल्या खोल्यांत ती कंटाळत नाहीत.

कधी जायचं, कसं पोचायचं

एप्रिल ते सप्टेंबर. दुसरा विचार करू नका. डिसेंबर-जानेवारीत दुपारचा पारा सरासरी ३६ अंशांच्या आसपास असतो आणि चाळिशी ओलांडणं नवलाचं नाही. जून-जुलैत दिवसा २० अंश, कोवळं ऊन. पहाटे मात्र पारा कधी कधी शून्याच्या खाली जातो. वाळवंट म्हणून आपण सुती कपडे भरतो आणि सकाळी सातला दात वाजतात. स्वेटर, कानटोपी, मोजे घ्याच. आम्ही जुलैत गेलो होतो, गाडीच्या काचेवर बर्फाचा पातळ पापुद्रा होता.

भारतातून थेट विमान नाही. सिडनी, मेलबर्न, ॲडलेड किंवा डार्विनहून देशांतर्गत विमान घ्यावं लागतं. विमानतळ गावाच्या दक्षिणेला, सुमारे १५ किलोमीटरवर. ॲडलेड ते डार्विन धावणारी 'द घॅन' रेल्वेही इथं थांबते. ती महाग आहे, पण तिच्या नावाची गोष्ट आपल्याला जवळची आहे. एकोणिसाव्या शतकात बलुचिस्तान, सिंध, पंजाब, अफगाणिस्तान अशा मुलखांतून उंट आणि उंटवाले इकडे आणले गेले. इथल्या लोकांनी सगळ्यांनाच 'अफगाण' म्हटलं आणि त्याचं 'घॅन' झालं. तारघराचं वर्षभराचं पीठ, साखर, बॅटरीसाठीचं मोरचूद त्यांच्याच उंटांवरून यायचं. रेल्वे अ‍ॅलिसला पोचली ती थेट १९२९ मध्ये.

उलुरू अ‍ॅलिसपासून रस्त्यानं सुमारे ४५० किलोमीटर आहे. मुंबईहून निघून गोव्याच्या वेशीपाशी पोचावं इतकं अंतर. 'जाता जाता' उलुरू होत नाही, तेव्हा दिवस मोजताना तो वेगळा धरा.

खाऊचं एक. ऑस्ट्रेलियात उतरताना जवळचा प्रत्येक खाद्यपदार्थ अर्जावर जाहीर करावा लागतो. दुधाचे पेढे, बर्फी, तूप, बी-बियाणं, ताजी फळं, मसाले यांवर कडक लक्ष असतं. लपवलंत तर जबर दंड, जाहीर केलंत तर फार तर वस्तू काढून घेतात. पेढे घरीच ठेवा. शाकाहारी असाल तर गावातल्या सुपरमार्केटात ब्रेड, भाज्या, डाळी, दही सगळं मिळतं.

घड्याळ: तिथली वेळ आपल्यापेक्षा बरोबर ४ तास पुढे आहे. घरी फोन करायला सोपं.

पिशवीत काय

माणशी किमान दोन लिटर पाणी, उन्हाळ्यात याच्या दुप्पट. रुंद काठाची टोपी. तोंडावर ओढायची बारीक जाळी, कारण माश्या नाकाडोळ्यांत शिरतात आणि हातानं हाकलून जात नाहीत. बंद बूट. एक वही. वही आवर्जून सांगतो, कारण इथले फलक फोटो काढून नंतर वाचू म्हटलं की वाचले जात नाहीत.

तो दिवस: पहाटे नदीतून सुरुवात

तारघर गावाच्या उत्तरेला सुमारे ४ किलोमीटरवर, स्टुअर्ट महामार्गापासून थोडं आत आहे. गाडी थेट दारापर्यंत जाते. तरी जमत असेल तर चालत जा. टॉड नदीच्या काठानं पायवाट आणि सायकलची वाट आहे, चालत तासभर लागतो. सायकल गावात भाड्यानं मिळते.

नदी म्हणजे रुंद, कोरडी वाळू आणि तिच्यात उभी पांढऱ्या खोडांची निलगिरीची जुनी झाडं. पाणी वर्षातून मोजक्या वेळा वाहतं. तीनदा नदी वाहताना पाहिली की तुम्ही इथले झालात, असं गावात म्हणतात. यातली काही झाडं इथल्या मूळच्या आदिवासी अरेर्न्ते लोकांसाठी पवित्र आहेत. साल सोलू नका, टेकून चढू नका, पात्रात तंबू टाकू नका. अंधार पडल्यावर पात्रातून एकट्यानं चालणं टाळा, म्हणूनही हा रस्ता सकाळचाच.

पोचल्यावर पहिल्यांदा तिकीट खिडकीकडे वळू नका. आवार, हिरवळ आणि वाटा मोकळ्या आहेत, तिकीट जुन्या इमारतींच्या भागाला लागतं. आधी पाणवठ्यावर जा.

सगळी गोष्ट या पाणवठ्यापासून सुरू होते. मार्च १८७१ मध्ये सर्वेक्षक विल्यम मिल्स तारेसाठी डोंगरातून वाट शोधत इथं आला. नदीतलं पाणी पाहून त्याला वाटलं, हा जिवंत झरा आहे. चार्ल्स टॉडच्या पत्नीचं नाव ॲलिस, त्यावरून त्यानं 'अ‍ॅलिस स्प्रिंग्ज' म्हटलं आणि नदीला टॉड. प्रत्यक्षात इथं झरा नाहीच. वाळूखाली अभेद्य खडक आहे, पुराचं पाणी त्यावर साठून राहतं. गाव दक्षिणेला पुढे वसलं, त्याचं नाव स्टुअर्ट होतं. ते १९३३ मध्ये बदलून अ‍ॅलिस स्प्रिंग्ज केलं. या सगळ्याच्या किती तरी आधीपासून अरेर्न्ते लोक या परिसराला म्पार्न्ट्वे म्हणत आले आहेत, आणि पाणवठा त्यांचा होता. 'शोध लागला' हे शब्द फलकांवर वाचाल तेव्हा हे मनात असू द्या. खडकांवर बसा, दगड उचलून आणू नका, पाण्यात उतरू नका.

सकाळी लवकर गेलात तर खडकांच्या फटींत छोट्या वॉलबी, म्हणजे कांगारूचीच लहान भावंडं, दिसतील. खायला घालू नका.

इमारती कोणत्या क्रमानं

आता तिकीट घ्या. दर आणि वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, आदल्या संध्याकाळी पाहून ठेवा, आणि माणसानं दाखवायची फेरी किती वाजता आहे ते खिडकीवरच विचारा. ती चुकवू नका. पण फेरीच्या आधी एक तास स्वतः फिरा, म्हणजे विचारायला प्रश्न तयार होतील.

सुरुवात बराकीपासून करा. ही इथली सगळ्यात जुनी इमारत, १८७२ ची. जाड दगडी भिंती, बारीक खिडक्या. उन्हासाठी भिंती जाड होत्या हे खरं, पण हल्ल्याची भीतीही बांधकामात दिसते. भिंतीवर तळहात ठेवून पाहा, बाहेर ऊन चढलं तरी आतून थंड लागते.

मग तारकक्ष. इथं अर्धा तास तरी द्या. मेजावरची कळ, आवाज देणारं यंत्र, आणि दोन दिशांचा विचार करा: एक तार दक्षिणेकडे, एक उत्तरेकडे, आणि मध्ये माणूस. जिथून निरोप यायचा आणि जिथं जायचा, ती दोन्ही ठाणी घोड्यावरून कित्येक दिवसांच्या अंतरावर. दिवसातून अनेकदा बोलणारे हे तारमास्तर एकमेकांना वर्षानुवर्षं पाहत नसत. नुसत्या कटकटीवरून कोण ठोकतोय ते ओळखत, कारण प्रत्येकाच्या हाताची लय वेगळी. तिथं कुणी यंत्र वाजवून दाखवत असेल तर डोळे मिटून ऐका.

बॅटरीची खोली छोटी आहे म्हणून लोक डोकावून पुढे जातात. तसं करू नका. काचेच्या बरण्या, त्यात जस्त, तांबं आणि मोरचुदाचं निळं पाणी, अशा बरण्यांच्या रांगा जोडून तारेला प्रवाह मिळायचा. आपल्याकडे द्राक्षबागेत फवारणीला वापरतात तेच मोरचूद. बरण्यांची निगा राखणं हे रोजचं काम होतं, एक रांग बिघडली की लंडन मुकं.

बाहेर लोहारशाळा, बग्गीची जागा, स्वयंपाकघर. तार तुटली की लाइनमन घोडे घेऊन दोन्हीकडून निघायचे. वाळवीनं लाकडी खांब पोखरले म्हणून पुढे बरेच खांब लोखंडी केले गेले. खांबांवर तार अडकवायच्या काचेच्या आणि चिनी मातीच्या वाट्या फोडून स्थानिक लोक भाल्यांची धारदार पाती बनवत. गोऱ्यांच्या नोंदींत याला नुकसान म्हटलंय. तशी पाती संग्रहालयात पाहिली तर कारागिरी थक्क करते.

तारमास्तराच्या घरात दोन नावं लक्षात ठेवा. टॉमस ब्रॅडशॉ १८९९ ते १९०८ इथं कुटुंबासह राहिले. त्यांच्या आधी १८९२ पासून फ्रान्सिस गिलन होते. गिलननी अरेर्न्ते लोकांशी जिव्हाळ्यानं संबंध ठेवले, प्राणिशास्त्रज्ञ बाल्डविन स्पेन्सर यांच्याबरोबर त्यांच्या चालीरीतींवर १८९९ मध्ये मोठा ग्रंथ लिहिला. त्याआधी १८९१ मध्ये, दंडाधिकारी म्हणून, त्यांनी विलशर नावाच्या पोलिसावर आदिवासींच्या खुनाचा आरोप ठेवला होता. विलशर सुटला. पण त्या काळात, त्या वाळवंटात, एका सरकारी माणसानं हे केलं, याची मला फार किंमत वाटते.

इथं आवाज खाली आणा

१९३२ मध्ये तारेचं काम गावात हललं. त्यानंतर या इमारतींचं जे झालं ते अनेक पर्यटक पाहतच नाहीत. १९३२ ते १९४२ इथं 'द बंगलो' नावाची संस्था होती. आदिवासी आई आणि गोरा बाप अशा मुलांना आयांपासून तोडून सरकारनं इथं ठेवलं. ऑस्ट्रेलियात त्यांना 'चोरलेल्या पिढ्या' म्हणतात. १३ फेब्रुवारी २००८ रोजी पंतप्रधान केव्हिन रड यांनी संसदेत त्यांची माफी मागितली. युद्धाच्या काळात सैन्य आलं, पुढे काही वर्षं आदिवासींची वसाहत राहिली, आणि १९६३ मध्ये जागा ऐतिहासिक वारसा म्हणून राखली गेली.

त्या मुलांचे फोटो आणि आठवणी जिथं मांडल्यात तिथं घाई करू नका, सेल्फी तर नकोच. त्यांची मुलं-नातवंडं याच गावात राहतात, कदाचित तुमच्या शेजारी उभी असतील. बरोबरच्या लहान मुलांनी विचारलं तर खरं सांगा. कुणाही आदिवासी व्यक्तीचा फोटो विचारल्याशिवाय काढू नका.

दुपार

हिरवळीवर झाडाखाली डबा खा. मग पाय टिकले असतील तर ट्रिग हिलवर चढा, छोटी चढण आहे. वरून मॅकडॉनेल डोंगररांगेतली ती खिंड शोधा जिच्यातून तार दक्षिणेकडे गेली. आवारातच लहानशी दफनभूमीही आहे. लारापिंटा ही २०० किलोमीटरहून लांब पदभ्रमंतीची वाट इथूनच सुरू होते. सिम्पसन्स गॅपपर्यंतचा तिचा पहिला टप्पा सुमारे २४ किलोमीटर आहे, त्यामुळे सहज म्हणून त्यावर पुढे जाऊ नका. पहिल्या तासाभरावरून परत फिरलात तरी मुलुखाचा अंदाज येतो.

दुसऱ्या दिवशी वेळ असेल तर गावातल्या दोन जागा याच गोष्टीचा पुढचा भाग आहेत: विमानानं डॉक्टर पाठवणाऱ्या सेवेचं केंद्र आणि १९५१ मध्ये रेडिओवरून सुरू झालेली शाळा. तारेनंतर या वैराण प्रदेशात आवाज कसा पोचला, ते तिथं कळतं.

पुढची दोन ठाणी, गाडी असेल तरच

अ‍ॅलिसहून उत्तरेला सुमारे २८५ किलोमीटरवर बॅरो क्रीक, महामार्गालाच लागून. दगडी ठाणं आणि पुढ्यात दोन थडगी. फेब्रुवारी १८७४ मध्ये तिथल्या आदिवासी कायडिच लोकांनी हल्ला केला, त्यात ठाणेप्रमुख जेम्स स्टेपलटन आणि लाइनमन जॉन फ्रँक्स गेले. जखमी स्टेपलटनवर काय उपचार करावे ते ॲडलेडमधला डॉक्टर तारेवरून सांगत होता. त्यांच्या पत्नीला तिकडच्या तारकचेरीत बोलावलं आणि नवऱ्याचा शेवटचा निरोप तिला तारेनं मिळाला. त्यानंतर निघालेल्या सूडाच्या मोहिमेत कितीतरी कायडिच माणसं मारली गेली, त्यांची थडगी तिथं नाहीत. पाणवठ्यावरचा ताबा हे हल्ल्यामागचं एक कारण मानलं जातं. अ‍ॅलिसचा पाणवठा आधी पाहा म्हटलं होतं, ते यासाठीही.

अजून सव्वादोनशे किलोमीटरवर टेनंट क्रीक. जुनं ठाणं गावाच्या पुढे सुमारे १२ किलोमीटरवर उघड्या माळावर आहे, गर्दी जवळजवळ नसते.

गाडीसाठी एवढं पाळा. भाड्याची गाडी घेताना आपला परवाना चालेल का, आंतरराष्ट्रीय परवाना लागेल का, हे कंपनीला आधी विचारा. रस्ता डावीकडचाच, आपल्यासारखा. वेगमर्यादा बऱ्याच ठिकाणी १३० आहे, पण तेवढ्यानं पळायची गरज नाही. रोड ट्रेन म्हणून पन्नास मीटरहून लांब मालगाड्या समोरून येतात. त्यांना ओलांडायचं तर लांबवर रस्ता मोकळा दिसायला हवा, नाहीतर मागे राहा. पेट्रोल अर्ध्यावर आलं की पुढच्या पंपावर भरा. मोबाईलची रेंज गावं सोडली की जाते, म्हणून निघताना मुक्कामाच्या ठिकाणी कुठे निघालो, कधी पोचू, ते सांगून ठेवा. गाडी बंद पडली तर गाडी सोडून चालत जाऊ नका, सावलीत गाडीजवळच थांबा.

आणि सूर्य मावळायच्या आत मुक्कामाला पोचा. कांगारू आणि मोकळी गुरं तिन्हीसांजेला रस्त्यावर येतात. टेनंट क्रीकचं ठाणं दुपारी चारच्या सुमाराला पाहा, तेव्हा ऊन तिरकं होऊन दगड तांबूस दिसतात, आणि साडेपाचच्या आत गावाकडे वळा.